चार, दोन, तीन, दोन

लखनौवर धुकं उतरलं की आमच्या प्रयोगशाळेत वासरांच्या शेणाचे नमुने वाढतात. आठ-दहा दिवसांचं वासरू, पिवळट पातळ हगवण, खोल गेलेले डोळे. चिनहटकडच्या एका गोठेवाल्याने मला एकदा लखनवी अदबीनं सुनावलं, "डॉक्टर साहब, पहले दवा बताइए, ख़ानदान बाद में पूछिएगा."

त्याचं बरोबरच होतं. अशा हगवणीमागे बऱ्याचदा रोटाव्हायरस असतो, आणि त्याला मारणारं औषध नाही. तो लहान आतड्यातल्या अंकुरांच्या टोकाच्या पेशी खातो. वासरू मरतं ते अंगातलं पाणी जाऊन. म्हणून जन्मल्यावर लगेच पोटभर चीक, आणि हगवण लागली की मीठ-ग्लुकोजचं पाणी. एवढं सांगून मी शेण बर्फात ठेवलं. खानदान विचारणं, म्हणजे विषाणू कुठल्या वंशाचा हे शोधणं, हाच तर माझा धंदा.

या विषाणूची जनुकं दुपदरी आरएनएच्या अकरा तुकड्यांत असतात. ते जेलमधून विजेवर पळवायचे नि सिल्व्हर नायट्रेटने रंगवायचे. तपकिरी रेघा उमटतात : वर चार, मग दोन, मग एकमेकींना चिकटलेल्या तीन, तळाशी दोन. ही मांडणी दिसली की रोटाव्हायरसचा 'ए' गट. रंग चढताना हात नेमका कधी थांबवायचा, हे वाचून कळत नाही; जरा रेंगाळलं की सगळं जेल काळवंडतं. नव्या मुलांना हे जुनाट वाटतं. वाटो. अकराही तुकडे एका नजरेत दाखवणारी इतकी स्वस्त पद्धत मला दुसरी माहीत नाही.

पुढचं पीसीआरचं. दोन्ही पदर आधी तापवून सुटे केले नाहीत, तर तेही मुकाट बसतं. व्हीपी७ जनुकावरून 'जी' प्रकार ठरतो, व्हीपी४ वरून 'पी'. गाईंत बहुधा जी६ किंवा जी१०, जोडीला पी५ किंवा पी११.

एका पेशीत दोन विषाणू शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होते, मग ते गाईचे असोत की माणसाचे. दिल्लीच्या एम्समध्ये १९८०च्या दशकात नवजात बाळांत सापडलेल्या '११६ई' विषाणूचं व्हीपी४ जनुक गाईच्या विषाणूचं निघालं. त्याचीच रोटावॅक लस झाली. २०१६पासून ती सरकारी लसीकरणात आहे. पुण्याच्या सीरमची रोटासिल तर गाईच्या विषाणूवर माणसांतल्या विषाणूंची व्हीपी७ जनुकं चढवून केलेली.

म्हणूनच दोन जनुकं वाचून 'जी१०पी११' असा शिक्का मारणारे अहवाल मला अर्धवट वाटतात. उरलेले नऊ तुकडे कुणाचे? जिथे वासरं आणि लेकरं एकाच अंगणात वाढतात, तिथे तरी अकराही वाचायला हवेत.

पशुवैद्यक मित्रांनो, शेण हगवणीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीचंच पाठवा. विषाणू तेव्हाच सर्वाधिक पडत असतो. आणि बर्फ विसरू नका.