दूरचे दिवे

कॉलेजात असताना आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक चित्रपट तयार केला होता, असे मी कुणाला सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "नायक कोण होता?" मी म्हणतो, "दिवे." मग दुसरा प्रश्न येतो: "आणि कथा काय?" मी म्हणतो, "कथा नव्हती." यावर ऐकणारा माझ्याकडे अशा नजरेने पाहतो, की जणू मी बिनमिठाच्या आमटीचे कौतुक सांगत आहे!

खरे म्हणजे बिनकथेच्या चित्रपटांची परंपरा जुनी आहे. वाल्टर रुटमान या जर्मन दिग्दर्शकाने १९२७ साली बर्लिन शहराच्या एका दिवसावर एक चित्रपट केला. पहाटे आगगाडी शहरात शिरते, तेथून आरंभ होऊन रात्रीच्या झगमगाटापर्यंत त्यात नुसते शहर दिसत राहते. आमच्या सरांनी वर्गात त्याची माहिती सांगितली आणि शेवटी म्हणाले, "तुम्हीही असे काही करून पाहा. तीन मिनिटांचा चित्रपट करा. कथा नको, संवाद नकोत. आपल्या गावाकडे नीट पाहा, म्हणजे झाले."

आमचे गाव म्हणजे अहमदनगर. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. मी सांगतो आहे ती हकिगत २००८ सालातली. जिल्ह्यातील माणसे मात्र तेव्हाही 'नगर' म्हणत आणि आजही पुष्कळजण तेवढेच म्हणतात. १४९० साली मलिक अहमद निजामशहाने वसविलेले हे शहर. येथे जुन्या वेशी आहेत, अरुंद बोळ आहेत, कापडबाजारासारखी गजबजलेली पेठ आहे. १९४२च्या लढ्यात पंडित नेहरूंना ज्यात बंदिवासात ठेवले होते, तो प्रसिद्ध भुईकोट किल्लाही येथेच आहे. दिवसा हे सारे आम्ही जन्मभर पाहत आलो होतो. म्हणून आम्ही ठरविले, की आपण रात्रीचे नगर टिपायचे. तेही असे दुरून, की घरे दिसणार नाहीत, माणसे दिसणार नाहीत, फक्त दिवे दिसतील.

जागाही लगेच सुचली. शहराच्या पूर्वेला पाथर्डीच्या वाटेवर एक उंच डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर अष्टकोनी, तीन मजली दगडी वास्तू उभी आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. पण तो महाल नव्हे आणि चांदबिबीचाही नव्हे. निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची ती कबर आहे. मोगलांच्या वेढ्याला धैर्याने तोंड देणाऱ्या चांदबिबीवर लोकांचा जीव इतका जडला, की त्यांनी दुसऱ्याची कबरही तिच्या नावे करून टाकली! अंधार पडल्यावर तेथे थांबता येत नाही. तेव्हा आम्ही खालच्या उतारावर, रस्त्याच्या वळणाजवळ एक सपाट जागा हेरली.

युक्ती मात्र आम्हाला दादासाहेब फाळके यांची उपयोगी पडली. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ साली लोकांपुढे आला. पण त्यापूर्वी आपल्याला ही कला साधली आहे हे धनिकांना पटवून देण्यासाठी फाळके यांनी एक लहानसा चित्रपट केला होता. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी त्याच्या अंकुराची वाढ महिन्याहून अधिक काळ थोडीथोडी टिपली. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वाढले! जे डोळ्यांना दिसत नाही इतके सावकाश घडते, ते कॅमेऱ्याने असे दाखविता येते.

आम्ही आमचे गणित मांडले. पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे सरकतात. आपण दर ५ सेकंदांनी एक चित्र घेतले, तर २ तासांत १४४० चित्रे होतील, आणि ती पडद्यावर बरोबर एका मिनिटात संपतील. दोन तासांचे नगर एका मिनिटात! अशी तीन मिनिटे जमविली की काम झाले. कॉलेजचा कॅमेरा अर्ज करून एका रात्रीपुरता मिळाला. बटण दाबताना तो हलू नये म्हणून तारेच्या टोकाला जोडलेले दुसरे बटणही मिळाले. उणीव होती ती एकाच गोष्टीची. डोंगरावरच्या काळोखात घड्याळ आणि कॅमेऱ्याच्या खुणा पाहायला दिवा हवा होता.

आमच्या घरी चार्जिंगचा एक दिवा होता. त्या काळी भारनियमन फार असे. दिवसाचे काही तास वीज जाणार, हे ठरलेलेच. कधीकधी ठरलेल्या वेळेबाहेरही जाई. म्हणून आईने शिलाईच्या पैशांतून तो दिवा घेतला होता. संध्याकाळी निघताना मी तो फळीवरून उचलला आणि पिशवीत घातला. आई मशीनवर बसली होती. धाकटी बहीण दहावीला होती. ती भूमितीचे पुस्तक घेऊन भिंतीशी बसली होती. त्या रात्री आमच्या भागात वीज जाण्याची वेळ नव्हती. मी कुणाला काही बोललो नाही. बोलण्यासारखे त्यात काही आहे, असे मला वाटलेच नाही.

फेब्रुवारीची थंडी होती आणि डोंगरावर वारा असा, की कॅमेऱ्याची तिकाटी दगड लावून दाबून धरावी लागली. पण समोरचे दृश्य! डाव्या हाताला रेल्वे स्टेशनाकडचे दिवे, उजवीकडे सावेडीचे, मध्ये जुने शहर, आणि या सगळ्यांच्या अलीकडे किल्ल्याच्या बाजूचा काळोख. रस्त्यांवरचे सोडियमचे दिवे पिवळेधमक दिसत होते. चुलीत मिठाचा खडा पडला की ज्वाला क्षणभर पिवळी होते, हे तुम्ही पाहिले असेल. तो पिवळा रंग आणि हा रंग एकच, कारण दोन्हींत सोडियमच असते. त्या पिवळ्या ठिपक्यांच्या ओळींमधून मोटारींचे दिवे मुंग्यांच्या रांगेसारखे सरकत होते. एक मित्र घड्याळ पाहून "हं" म्हणे, मी बटण दाबी, आणि तिसरा वहीत आकडे मांडी. पाऊण तास असा गेला. हात गारठले होते. पण मनात एकच आनंद होता, की चित्र सुंदर येत आहे.

आणि एकाएकी सावेडीच्या अलीकडचा एक तुकडा विझला.

कुणी पाटीवरचा मजकूर ओल्या बोळ्याने पुसावा, तसा त्या झगमगाटात एक काळा डाग पडला. "गेली!" मित्र ओरडला. "अर्धा बोर्ड पुसला! आता हे चित्र काय कामाचे?" मीही हळहळलो. आम्ही थांबावे की नाही याची चर्चा झाली. शेवटी थांबलो तर गणित चुकेल म्हणून बटण दाबतच राहिलो. तो डाग परत उजळला तेव्हा वहीत ४८० चित्रांच्या खुणा अधिक झाल्या होत्या. काळा डाग पडला होता तो भाग आमचाच, तोफखान्याचा, हे मला दिसत होते. तरीही त्या सगळ्या वेळात माझ्या मनात आले ते फक्त चित्राचे नुकसान. चार्जिंगचा दिवा माझ्या पायांशी जळत होता.

घरी पोहोचलो तेव्हा मध्यरात्र झाली होती. बहीण पुस्तकावर डोके ठेवून झोपली होती. शेजारी रॉकेलची चिमणी विझवून ठेवलेली होती आणि तिच्या काजळीचा काळा पट्टा बहिणीच्या नाकाखाली उमटला होता. मशीनवर अर्धवट शिवलेली चोळी तशीच होती. आई जागी होती. ती रागावली नाही, एवढेच म्हणाली, "दिवा नेलास ते नेलास, निदान सांगायचंस तरी. आम्ही अंधारात सगळं घर धुंडाळलं."

मी गप्प बसलो. उत्तर नव्हतेच.

पुढच्या आठवड्यात कॉलेजात संगणकावर ती चित्रे जोडली. डोंगरावरून टिपलेले नगर पडद्यावर जिवंत झाले. मोटारींच्या रांगा नदीसारख्या वाहू लागल्या. मित्र टाळ्या वाजवू लागले. मग तो काळा डाग आला आणि गेला. मी घड्याळ लावून पाहिले. वीस सेकंद. ४८० चित्रांना २४ने भागले की वीसच येतात. गणित बरोबर होते. पण आमच्या घरात ती चाळीस मिनिटे होती. त्यांतली काही दिवा शोधण्यात गेली, काही रॉकेल शोधण्यात. आणि उरलेल्या वेळात एका मुलीने डोळ्यांत धूर घेत प्रमेय पाठ केले होते. दुरून पाहणाऱ्याने हे सगळे वीस सेकंदांत गुंडाळले होते. आणि तो दूरचा माणूस मी होतो.

मी मित्रांना म्हटले, "हे एक मिनिट असेच ठेवू. उरलेली दोन मिनिटे डोंगरावरची नकोत. ती त्या काळ्या डागाच्या आतली घेऊ." दोघे जरा वेळ विचारात पडले, आणि मग त्यांनी मान डोलावली.

आता पंचाईत अशी, की जन्मात प्रथमच मी वीज जाण्याची वाट पाहू लागलो, आणि ती जाईना! कॅमेरा पुन्हा मागून आणला होता. तीन दिवस आम्ही संध्याकाळी आमच्या घरी दबा धरून बसलो. तिसऱ्या दिवशी एक मित्र कंटाळून म्हणाला, "मेन स्विच बंद करू या. पडद्यावर कुणाला कळणार आहे?" बहिणीने पुस्तकातून डोके वर काढले. "दादा, परीक्षा माझी आहे," ती म्हणाली. "खरा अंधार आला तर मी बसेन. मुद्दाम केलेल्या अंधारात मी नाही बसायची." आम्ही तिघेही खाली पाहू लागलो.

चौथ्या दिवशी वीज गेली. आईचे मशीन थांबले. सुईचे नेढेच दिसेना, तर ती काय करणार? बहिणीने चिमणी लावली. चार्जिंगचा दिवा मी तिच्यापुढे ठेवू लागलो तर ती म्हणाली, "तो आईला दे. आणि माझं तोंड दाखवायचं नाही हं, वही दाखवा." म्हणून आम्ही वहीच टिपली. चिमणीच्या लालसर उजेडात वहीवर फिरणारा हात, कंपासने काढलेले वर्तुळ, पान उलटताना भिंतीवर हलणारी मोठी सावली. दुसरे काही नाही. कॅमेरा जागचा हलविला नाही. वेळ आखडून घेतला नाही. पडद्यावर ती दोन मिनिटे दोन मिनिटेच राहिली. शेवटी बाहेर बोळात पोरांचा एकच कल्ला होतो, "आली! आली!", आणि पडदा पांढरा होतो. उजळलेले शहर आम्ही पुन्हा दाखविले नाही.

वर्गात चित्रपट दाखविला तेव्हा पहिल्या मिनिटाला सगळे वाहवा करीत होते. पुढच्या दोन मिनिटांत कुणी बोलले नाही. एकजण मागून म्हणाला, "हे जरा लांबले." सर म्हणाले, "अंधारात बसणाऱ्यालाही ते लांबच वाटते." त्यांनी दिलेली दाद एवढीच.

आमचा चित्रपट कुठल्या स्पर्धेत गाजला नाही. नगरच्याच न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला २०१० सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेची ओढ लागलेल्या एका गरीब मुलाची ती गोष्ट मी पाहिली, तेव्हा मला आमच्या त्या दोन मिनिटांची आठवण झाली. कॅमेरा किती जवळ जाऊ शकतो, हे त्या लघुपटात मला पुन्हा दिसले.

बहीण दहावी उत्तीर्ण झाली. तिला भूमितीत चांगले गुण मिळाले. त्याचे श्रेय ती चिमणीला देते, मला नाही! आता पुष्कळ रस्त्यांवरचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी दिवे आले आहेत. पाथर्डीकडून रात्रीच्या एस. टी.ने परतताना त्या वळणावर अजूनही मान आपोआप खिडकीकडे वळते. खाली दिव्यांचा तोच सडा पसरलेला असतो. तो आजही मला सुंदर वाटतो. फक्त आता त्यातला एखादा ठिपका विझलेला दिसला, तर चित्र बिघडले असे वाटत नाही. तेथे कोण बसले असेल, असे वाटते.

चार्जिंगचा तो जुना दिवा अजून आमच्या फळीवर आहे. रात्री बाहेर जाताना मी त्याला हात लावतो, आणि आधी घरात विचारतो, "हा मी नेऊ का? कुणाला लागणार तर नाही ना?"