उजव्या हाताचं पान

आमच्या यवतमाळ-दारव्ह्याकडे घरातलं वर्षातलं सर्वांत मोठं जेवण म्हणजे महालक्ष्म्यांचं. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजा आणि जेवण, मूळावर विसर्जन. पुरणपोळी, ज्वारीची आंबील, पडवळ घातलेली कढी, सोळा भाज्यांची एक भाजी, वडे, भजी, पंचामृत. या स्वयंपाकाचं कौतुक सगळे करतात. पान वाढण्याकडे लक्ष जातं ते फक्त काहीतरी चुकलं की. मला मात्र रांधण्यापेक्षा वाढणंच आवडतं, आणि सासूबाईंनी ते काम आपणहून माझ्याकडे सोपवलं.

सुरुवात मिठापासून. वर मधोमध मीठ, शेजारी लिंबाची फोड. तिथून डावीकडे चटणी, लोणचं, पंचामृत, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या आणि कढीचा द्रोण. मध्ये भाताची मूद, त्यावर वरण, आणि सगळ्यांत शेवटी तूप. तूप पडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. देवीच्या नैवेद्याच्या पानात आमच्याकडे मीठ नसतं, म्हणून ते पान आधी वेगळं वाढून घ्यावं. घाईत हात आपसूक मिठाकडे जातो.

हे डावं-उजवं शास्त्र म्हणून सांगतात. मी त्याकडे हाताचा हिशेब म्हणून बघते. जेवणारा हात उजवा. जे पोटभर खायचं, ज्यात पोळी बुडवायची, ते त्या हाताखाली. जे चिमटीने घ्यायचं, बोटाने चाटायचं, ते पलीकडे. कढीचा द्रोण चुकून डावीकडे ठेवा, प्रत्येक घासाला हात भातावरून जाईल आणि तुपाच्या मुदीवर पिवळे थेंब पडतील.

पळसाच्या पत्रावळीवर तर हिशेब आणखी काटेकोर. पळस आमच्या जिल्ह्यात रानोमाळ. पण पत्रावळ मधोमध खोलगट आणि कडेला वर उचललेली, त्यामुळे पातळ काही कडेला वाढलं की घसरत भातात येतं. पंचामृत घट्टच हवं. कोशिंबिरीत दही पंगत बसल्यावर घालायचं, नाहीतर काकडी पाणी सोडते आणि ते पाणी थेट चटणीत. वाळलेल्या पत्रावळींवर आधी पाणी शिंपडून ठेवायचं, म्हणजे काड्यांपाशी पान फाटत नाही. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, तेव्हा पत्रावळ परत आली म्हणून लोक हरखले. आमच्याकडे महालक्ष्म्यांना ती गेलीच नव्हती. केळीचं पान आणलंच तर पैनगंगेपलीकडून, अर्धापूरच्या बाजूने. त्याचा शेंडा जेवणाऱ्याच्या डावीकडे.

जमिनीवरच्या पंगतीत वाढणारी समोरून येते. तिचं उजवं ते जेवणाऱ्याचं डावं. म्हणजे तिचा उजवा हात सरळ खाली गेला की चटणी बरोबर जागेवर पडते. नव्या सुना इथेच गोंधळतात. त्यांना मी सांगते, बाजू लक्षात ठेवू नका, मीठ शोधा आणि तिथून निघा.

आता गुडघ्यांमुळे निम्मी पंगत टेबलावर असते. खरी परीक्षा इथे. टेबलाशी वाढणारी मागून, खांद्यावरून येते. जेवणाऱ्याचं डावं तेच तिचंही डावं. वर्षानुवर्षं समोरून वाढलेल्या बाईचा हात तिथे अडखळतो. मी टेबलावर डावी बाजू माणसं बसायच्या आधीच वाढून ठेवते, आणि मागून फक्त गरम ते आणते, तेही उजव्या खांद्याकडून. युरोपात १९व्या शतकात एकेक पदार्थ क्रमाने आणायची पद्धत रुळली, तिला रशियन म्हणतात. तिथे सुऱ्या-काटे बाहेरून आत उचलत गेलं की पुढचं काय ते कळतं. आपल्या पानात सगळं एकदम समोर. क्रम भाताने कळतो. आधी वरणभात, मध्ये मसालेभात, शेवटी ताकभात.

टेबलाने एक अडचण आणली, ती चित्राहुतीची. जमिनीवर पानाच्या उजवीकडे जागा असते. टेबलावर तिथे पेला. पहिल्या वर्षी काकाजी बोटांत भात धरून नुसते बघत राहिले. "सूनबाई, हे ठेवू कुठं?" तेव्हापासून प्रत्येक वडीलधाऱ्याच्या उजवीकडे पळसाचं एक सुटं पान ठेवते, आणि पेला डावीकडे सरकवते. पेला तसाही डाव्या हाताने उचलायचा, उजवा खरकटा असतो.

माझा पुतण्या डावखुरा. लहानपणी पंगतीत त्याला उजव्या हाताने जेवायला लावायचे. निम्मं अन्न मांडीवर. आता त्याचं पान मी उलटं वाढते. कढी डावीकडे, चटणी उजवीकडे, पेलाही उजवीकडे. बसवते टेबलाच्या डाव्या टोकाला, म्हणजे शेजारच्याच्या कोपराशी भांडण नाही. घरातल्या दोघीतिघींना ते अजून खटकतं. खटकू दे. त्याची मूद शेवटपर्यंत पांढरी राहते.