सीताबर्डीचा किल्ला आणि 'बाणदार'

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट असे वर्षातले तीनच दिवस तो सर्वांसाठी उघडतो. त्या दिवशी नागपूरकर मुलाबाळांसह बर्डीची टेकडी चढतात. १८५७ च्या उठावात नवाब कादर अली आणि त्यांच्या आठ साथीदारांना इंग्रजांनी इथे फाशी दिले. आत त्यांची मजार आहे. कादर अली हे टिपू सुलतानांचे नातू, असे इथे सांगितले जाते.

टिपूंचे नाव निघाले की माझे विद्यार्थी हटकून रॉकेटवर येतात. "सर, तेव्हा रॉकेटला काय म्हणायचे?" उत्तर आपल्या घरातच आहे. दिवाळीत उडतो तो 'बाण'. मराठी आणि दखनी, दोन्हींत रॉकेटला बाणच म्हणत आणि तो सोडणाऱ्या शिपायाला 'बाणदार'. बाण हा संस्कृत शब्द, दार फारसी. किल्लेदार, फौजदार यांच्याच कुळातला हा हुद्दा.

जुन्या कागदांत 'बाण सुटले' असे वाचले की डोळ्यांपुढे धनुष्य येते. तोफाबंदुकांच्या काळातल्या लढाईत मात्र बहुधा दारूचा बाण समजावा. तो तीर समजला, की बाणदार इतिहासातून पुसला जातो.

त्याचे काम सोपे नव्हते. लोखंडी नळीत दारू ठासायची, ती लांब बांबूला बांधायची, नळीची जाडी आणि शत्रूचे अंतर पाहून कोन धरायचा, मगच बत्ती द्यायची. हैदरअलींचे वडील फतेह मुहम्मद अर्काटच्या नवाबाकडे पन्नास बाणदारांचे नायक होते. हैदरअलींकडे असे सुमारे १,२०० लोक होते, टिपूंच्या काळात ते ५,००० पर्यंत गेल्याचे सांगतात. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, तिथले बाण इंग्लंडला गेले. त्यांचा अभ्यास करून विल्यम काँग्रीव्हने आपले रॉकेट तयार केले. पुढे डॉ. अब्दुल कलाम अमेरिकेतल्या वॉलप्स केंद्रात गेले, तेव्हा तिथल्या भिंतीवर टिपूंच्या रॉकेटवाल्यांचे चित्र पाहून त्यांना अभिमान वाटला. ही आठवण त्यांनी आत्मचरित्रात लिहिली आहे.

काँग्रीव्हचे नाव पुस्तकात आहे. बाणदारांची नावे कुठेच नाहीत. उरले ते आडनाव. कोल्हापूरकडच्या मुस्लिम घरांत ते आजही आढळते. आमच्या वर्गात तिकडून बदलून आलेला एक मुलगा होता. इंग्रजी हजेरीपटात त्याचे आडनाव 'बंदर' असे वाचले जाई आणि मुले माकडाच्या नकला करत. तो आडनाव बदलून घ्यायचे म्हणू लागला. मी फळ्यावर देवनागरीत 'बाणदार' लिहिले, त्याची फोड केली आणि वर सांगितले तेवढे सांगितले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी वहीच्या पहिल्या पानावर सुरेख उर्दूत नाव लिहून दिले होते.

नागपूरच्याच अंबाझरीच्या आयुध निर्माणीत आज पिनाक रॉकेटचे काम होते. तिथे रोज कामावर जाणारेही एका अर्थाने बाणदारच. आपल्याकडे गोलंदाज आहेत, जमादार आहेत, हवालदार आहेत. आडनावाची लाज वाटण्याआधी किंवा ते बदलण्याआधी घरातल्या थोरल्यांना एकदा विचारावे. एकेका आडनावात एकेक हुन्नर जपलेला असतो.