कुठली दारू घ्यायची?

गेले वर्षभर माझ्या वीकांताला एकच प्रश्न पडलेला असतो. कुठली दारू घ्यायची?

पुण्याच्या एका मित्राला फोनवर हे सांगितलं तर गडी एकदम खूश. "शेवटी सुधारलास म्हणायचं!" मग मी त्याला टाइटग्रुप, बुल्सआय, एन३२० अशी नावं ऐकवली. कुठली स्वस्त, कुठली जास्त तापते, कुठली फिनलंडहून येते. पाचेक मिनिटं त्यानं मन लावून ऐकलं आणि मग विचारलं, "सोड्याबरोबर की नुसतीच?"

आपल्या भाषेनं दोन्हींना एकच शब्द दिलाय, त्याला मी काय करणार? मी म्हणतोय ती दारूगोळ्यातली दारू. मी डॅलसच्या एका उपनगरात राहतो, सोमवार ते शुक्रवार हापिसात बसून दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढतो आणि महिन्यातून एक-दोनदा यूएसपीएसएच्या पिस्तूल मॅचला जातो. पळत पळत, खिडक्या-दारांच्या आडून पुठ्ठ्याच्या टार्गेटवर नेम धरायचा. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, तो तुमचा स्कोअर. या मॅचसाठी लागणारी ९ मिमीची काडतुसं मी घरीच भरतो.

आता एच-१बी वर बंदूक कशी, हे प्रत्येक देशी माणूस विचारतो आणि बरोबरच विचारतो. इथल्या फेडरल कायद्यानं नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे. त्याला मोजके अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे शिकारीचं लायसन्स. म्हणून मी टेक्ससचा हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं. आजवर एक चिमणीही मारलेली नाही. आमचे आजोबा माळकरी होते. आईला कळलं तेव्हा ती "पांडुरंगा!" एवढंच म्हणाली आणि फोन पप्पांकडे दिला. पप्पा म्हणाले, "बरं."

हे लायसन्स दर वर्षी ३१ ऑगस्टला संपतं. आणि कायद्याच्या व्याख्येत काडतूस म्हणजे नुसतं तयार काडतूस नव्हे. रिकामी पुंगळी, प्रायमर, गोळी, दारू हे सगळं सुटं सुटंही त्यात येतं. म्हणजे १ सप्टेंबरला खिशात नवं लायसन्स नसेल तर कपाटातला दारूचा डबासुद्धा गुन्हा. नवं लायसन्स १५ ऑगस्टला विक्रीला येतं, त्यामुळे आमचा स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम ठरलेला आहे.

असो. घरी काडतुसं भरून पैसे वाचतात असं सगळे सांगतात. थाप आहे. पैसे तेवढेच जातात, गोळ्या जास्त झाडल्या जातात. खरं कारण वेगळं. मॅचमध्ये पॉवर फॅक्टर नावाचा एक आकडा असतो: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले फूट प्रति सेकंदातला वेग, भागिले १०००. आमच्या गटात तो किमान १२५ लागतो. मोठ्या मॅचला तुमची काडतुसं क्रोनोग्राफवर मोजतात, आणि आकडा कमी भरला तर दिवसभराचे गुण शून्य. दुकानातली बरीच काडतुसं १२५ च्या चांगलीच वर असतात, म्हणजे गरज नसताना हाताला जास्त झटका. म्हणून सगळ्यांचा डाव एकच, १३० च्या आसपास राहायचं. १४७ ग्रेनच्या गोळीला त्यासाठी साधारण ८८५ चा वेग पुरतो.

ग्रेन हे माप ऐकून दचकू नका. इंग्रजांनी १८३३ साली आपला तोळा बरोबर १८० ग्रेनचा ठरवून टाकला होता. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. म्हणजे माझी गोळी जवळजवळ दहा मासे, आणि तिला ढकलणारी दारू जेमतेम दोन गुंजा. सराफाच्या काट्यावर तोलावं असं काम. नेमके आकडे मी इथं लिहिणार नाही. ते मॅन्युअलमध्ये बघायचे, खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची, आणि कुणाच्याही ब्लॉगवर विश्वास ठेवायचा नाही. माझ्याही.

तर दारू कुठली? पिस्तुलाची नळी चार-पाच इंचांची, त्यामुळे झटपट जळणारी दारू लागते. पॉवर फॅक्टर ठरला की गोळीचा संवेग ठरला. पण हाताला बसणाऱ्या झटक्यात जळालेल्या दारूच्या वायूचाही वाटा असतो. दारू जितकी कमी, तितका तो वाटा कमी. म्हणून मॅचवाले लोक जड गोळी आणि झटपट जळणारी थोडीशी दारू असा संसार मांडतात. एवढं ठरल्यावरही निवड उरतेच. बुल्सआय १८९८ पासून बाजारात आहे, आजोबा लोकांची आवडती. एन३२० नुसत्या नायट्रोसेल्युलोजची, स्वच्छ जळणारी, पण महाग. टाइटग्रुपमध्ये नायट्रोग्लिसरीनही असतं, ती तापते. पण घट्ट असते, अगदी थोडी लागते, आणि मापातून पाण्यासारखी वाहते.

मी काय केलं असेल ते सांगायला नको. एक्सेल शीट केली. पाऊंडाची किंमत, पाऊंडात ७००० ग्रेन, काडतुसामागे किती सेंट, वेग, वेगातला फरक, धूर. टाइटग्रुप सरळ पहिली आली.

आमच्या स्क्वाडमध्ये एक रिटायर्ड इलेक्ट्रिशियन आजोबा आहेत. त्यांना मोठ्या उत्साहानं शीट दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितली आणि म्हणाले, नवीन माणसानं फुगीर दारू घ्यावी, पुंगळीत डोकावलं की दिसणारी. टाइटग्रुप तळाशी जाऊन बसते. चुकून दुप्पट पडली तरी पुंगळीत आरामात मावते आणि वर गोळीही बसते. फुगीर दारू दुप्पट पडली तर काठोकाठ भरते, सांडते, तुम्हाला थांबवते. मी मान डोलावली. माझ्या शीटमध्ये त्यासाठी कॉलम नव्हता.

मार्चमधला रविवार. सकाळचे नऊ, म्हणजे घरी संध्याकाळचे साडेसात. माझं प्रेस अगदी साधं आहे. हँडल ओढलं की एका जागी पुंगळीला प्रायमर बसतो, दुसऱ्या जागी दारू पडते, पुढं गोळी बसते. मग खालची तबकडी हातानं एक घर फिरवायची. ओढा, फिरवा, ओढा, फिरवा. तासाभरात माणूस समाधीत जातो. तेवढ्यात आईचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला आणि ओढा-फिरवा चालू ठेवलं. जळगावचं स्थळ होतं. मुलगी बीई कॉम्प्युटर, उंची पाच तीन, मामा भुसावळला रेल्वेत. मी दर वाक्याला एकदा "हं" म्हणत होतो.

त्या फोनमध्ये दोनदा मी थांबलो. पत्रिका पाठवू का असं आईनं विचारलं तेव्हा एकदा, आणि पप्पा मागून काहीतरी बोलले तेव्हा एकदा. दोन्ही वेळा हात हँडलवर, आणि डोक्यात प्रश्न: ओढलं होतं का? एकदा वाटलं ओढलंय, म्हणून नुसतं फिरवलं. एकदा वाटलं नसेल, म्हणून परत ओढलं. बास. एवढीच गोष्ट.

पुढच्या रविवारी मॅच. तिसरी स्टेज, चांगली चालली होती. सातव्या का आठव्या गोळीला 'धाड' ऐवजी 'फट्' असा बारीकसा आवाज आला, दिवाळीत फुसक्या लवंगीचा येतो तसा. पिस्तूल अडकलं की आपोआप हात स्लाइड ओढायला जातो, नवीन काडतूस चढतं आणि बोट चाप दाबतं. महिनोन् महिने घोटून घोटून केलेली सवय. माझा हात स्लाइडवर पोचलेला होता.

"स्टॉप!"

रेंज ऑफिसर माझ्या कानाशी ओरडला. इतक्या जोरात की मी खरंच गोठलो. पिस्तूल रिकामं केलं, नळी काढली, उजेडाकडे धरली. उजेड दिसेना. त्या पुंगळीत दारू पडलीच नव्हती. नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी इंचभर आत जाऊन रुतली होती. तिच्या मागून दुसरी झाडली असती तर नळी फुटली असती, माझ्या दोन्ही हातांत. नियमाप्रमाणे चूक काडतुसाची निघाली की स्टेज परत मिळत नाही, झाले तेवढे गुण लिहितात. ते आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त एक पितळी दांडा आणून दिला.

घरी येताना गाडीत पहिला हिशोब त्या दुसऱ्या अंदाजाचा. एक चुकला होता हे सिद्ध झालं. दुसरा? त्या दिवशी भरलेली ४००, मॅचमध्ये झाडलेली ७३, उरली ३२७. त्यात कुठंतरी एक दुप्पट दारूचं असेल किंवा नसेल.

इंजिनियर असल्यामुळे आधी पळवाट शोधली. तयार काडतुसं तोलून जड असेल ते बाजूला काढू! पण पुंगळ्या दहा कंपन्यांच्या, रेंजवरून वेचलेल्या. त्यांच्याच वजनात चार-पाच ग्रेनचा फरक, आणि मी शोधत होतो तो फरक त्याहूनही कमी. काटा काहीच सांगेना. कोडमध्ये असं झालं तर मागची आवृत्ती परत आणता येते, लॉग बघता येतो. इथं लॉग नाही. एकेक फोडून बघणं हाच मार्ग.

त्यासाठी एक प्लास्टिकची पोकळ हातोडी मिळते. काडतूस आत अडकवायचं आणि फरशीवर आपटायचं. दोन-तीन ठोक्यांत गोळी सुटते, दारू वेगळी होते. खालच्या मजल्यावरच्या बाईंचा विचार करून रोज संध्याकाळी बाहेर पार्किंगच्या कडेला, काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसायचो. ठक, ठक, ठक. प्रत्येकाची दारू काट्यावर. सोमवारी ९०. मंगळवारी आणखी ९०. बुधवारी कंटाळून मनात आलं, नसेलच. बहुतेक नसेलच. २११ व्याला गोळी सुटली आणि काट्यावर आकडा बरोब्बर दुप्पट.

परत तोललं. तेवढाच.

हात धुतले, चहा केला, तो तसाच राहिला. त्या मॅचमध्ये मला 'फट्' वाला आधी मिळाला म्हणून बरं, एवढंच सुचत होतं. गेला आठवडाभर त्या स्टेजचे गेलेले गुण मोजत बसलो होतो मी, च्यायला.

उरलेली ११६ गुरुवारी फोडली. दुसरं काही निघालं नाही. त्या रात्री पप्पांना फोन केला. पप्पा भुसावळजवळ वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तीस वर्षं होते. तिथं लहान शस्त्रांची काडतुसंच बनतात. लहानपणी मला त्यातलं एवढंच माहीत, की पप्पांची कधी सकाळची शिफ्ट असते, कधी रात्रीची, आणि घरी कामाबद्दल विचारायचं नसतं. या छंदाबद्दलही त्या "बरं" नंतर आमचं कधी बोलणं नव्हतं.

सगळं सांगितलं. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत.

"किती भरली होती?"

"चारशे."

"उरलेली फोडली?"

"सगळी."

"हं." मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कटला. "फोन कुठं होता तुझा?"

"टेबलावर. स्पीकरवर."

"म्हणजे आमच्याशीच बोलत होतास."

यावर मी काय बोलणार? पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, ते गच्चीत गेले असावेत. म्हणाले, "आईला यातलं काही सांगू नकोस. ती परत फोन करायची नाही." आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, "दारू कुठली वापरतोस?"

मी टाइटग्रुप सांगितलं. त्यांना नाव माहीत नव्हतं. दाणा कसा आहे, गोल की चपटा की दांडीसारखा कापलेला, तिच्यात नायट्रोग्लिसरीन आहे का, मापातून पडताना अडकते का, डबा उघडा राहतो का, टेबलावर एका वेळी किती डबे असतात... रिव्ह्यू मीटिंगला बसवावं असे प्रश्न. एकच डबा आणि तोही मूळचा, हे ऐकून थोडे निवळले. मी एन३२० बद्दल सांगितलं. बारीक दांडीचा दाणा, फुगीर, दुप्पट पडली तर पुंगळी काठोकाठ भरेल, पण महाग आहे. "किती महाग?" मी काडतुसामागचा हिशोब सांगितला. पप्पा हसले. ते फारसे हसत नाहीत. मग त्यांनी स्वतःच्या पहिल्या वर्षाची एक गोष्ट सांगितली, हाताखाली शिकताना कुणी त्यांना दिवसभर फक्त बघायला बसवलं होतं ती. ती त्यांची आहे, इथं लिहीत नाही. चाळीस मिनिटं झाली होती. तिकडे सकाळचे दहा वाजून गेले होते, आई आतून भाजीची पिशवी मागत होती.

टाइटग्रुपचा उरलेला डबा आजोबांना दिला. ते कित्येक वर्षं तीच वापरतात, त्यांना चालते. शीटमध्ये एक कॉलम वाढवला, "दिसते का?", आणि एन३२० खालून पहिली आली. आता प्रत्येक पुंगळीत छोट्या दिव्याच्या उजेडात डोकावतो, मगच गोळी ठेवतो. अंदाज करायची वेळ आली तर प्रेसवरच्या सगळ्या पुंगळ्या बाहेर काढून रिकाम्या करतो. तासाला निम्मीच भरून होतात. फोन स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावर.

जळगावच्या स्थळाचं मात्र आईनं सांगितलेलं मला एक अक्षर आठवेना, उंची आणि मामा सोडून. ते परत विचारायला हवं. रविवारी सकाळी मी फोन उचलत नाही म्हणून ती सध्या चिडलेली असते. पण साडेअकराच्या सुमाराला पप्पांचा मेसेज येतो, "झालं का भरून?" मी "हो" लिहितो, आणि मग फोन वाजतो.