कट म्हणायचा हक्क

दिग्दर्शकांची आत्मचरित्रं मी अधाशासारखी वाचते, पण सावधपणे. कॅमेरा कुठे ठेवायचा, उजेड कुणाच्या तोंडावर पाडायचा, कुणाला पाठमोरं उभं करायचं आणि नेमकं कधी ‘कट’ म्हणायचं, यात ज्याची हयात गेली, तो स्वतःची गोष्ट सांगायला बसला म्हणून ही सवय सुटत नाही. त्याचा मोकळेपणाही बेतलेला असतो. मला त्याचा राग येत नाही. कुठे कापलं आहे ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, एवढंच माझं मागणं असतं.

व्ही. शांताराम यांचं ‘शांतारामा’ १९८६ साली आलं. हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात राबलेला कोल्हापूरचा मुलगा बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकतो, १९२९ मध्ये भागीदारांबरोबर ‘प्रभात’ उभी करतो, १९४२ मध्ये तीच सोडून परळला ‘राजकमल’ काढतो. केवढा पट आहे! ‘अमृतमंथन’मध्ये चंद्रमोहनचा डोळा या माणसाने अख्ख्या पडद्यावर आणला, आणि पुढे ‘दो आँखें बारह हाथ’च्या वेळी बैलाशी झुंज घेताना त्याच्याच डोळ्यांना जबर इजा झाली. कामाविषयी बोलायला लागले की शांताराम हातचं राखत नाहीत.

घराचं तसं नाही. १९३७च्या ‘कुंकू’त त्यांनी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या नीरेच्या पाठोपाठ कॅमेरा थेट माजघरात नेला होता. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा तो चित्रपट आजही अंगावर येतो, कारण अब्रूच्या नावाखाली तिथे काहीच झाकलेलं नाही. स्वतःच्या तीन लग्नांकडे वळल्यावर मात्र शांतारामांचा सूर बदलतो, निदान मला तरी तो बदललेला ऐकू येतो. प्रसंग येतात, पण ते सांगणाऱ्याच्या बाजूने येतात. विमलाबाई, जयश्रीबाई, संध्याबाई यांना त्या दिवसांत काय वाटत होतं, ते त्यांच्या तोंडून कळत नाही. कळणार तरी कसं? पुस्तक त्यांचं नाही. म्हणूनच ‘प्रभात’च्या दिवसांसाठी मी ‘शांतारामा’च्या जोडीला बापू वाटव्यांचं ‘एक होती प्रभातनगरी’ उघडून बसते. तोच स्टुडिओ दुसऱ्या खुर्चीतून निराळा दिसतो.

हे सगळं मला नीट उमगलं ते किहीमला. एका वयोवृद्ध दिग्दर्शकाच्या आठवणींचं शब्दांकन करायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही, ती त्यांचीच अट आहे. चोंढी नाक्यावरून आत वळलं की नारळ-पोफळीच्या वाडीत त्यांचं कौलारू घर. दिवस पावसाचे. मांडव्याच्या बोटी बंद, त्यामुळे मुंबईहून पेण, वडखळ करत एसटीने यायचं. वीज गेली की ओटीवर बसायचं. माझ्या मांडीवर रेकॉर्डर, समोर ते, आणि थोड्या अंतरावर पाटावर बसून बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलणाऱ्या त्यांच्या पत्नी. बाई मान वर न करता तारखा दुरुस्त करायच्या. “अहो, ते चौऱ्याहत्तर नव्हे. त्या वर्षी तुम्ही कोल्हापूरला होतात.” ते गुमान तारीख बदलायचे.

एका दुपारी त्यांनी एका नटीची हकिगत सांगितली. तीत त्यांचा मोठेपणाच दिसत होता. मी खुलून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “हे नको घेऊस.”

“का? किती चांगला प्रसंग आहे.”

“माझ्यासाठी चांगला. पण गोष्ट तिची आहे. तिला सांगायची असती तर तिने सांगितली असती.”

त्याच आठवड्यात त्यांनी दुसरी एक गोष्ट सांगितली. रात्रीचं शूटिंग, नायकाची ती शेवटचीच तारीख. दिवे टांगायच्या वरच्या फळ्यांवरून एक लाईटमन खाली पडला. त्याला गाडीत घालून इस्पितळात पाठवलं, आणि दोन तासांनी यांनी पुन्हा कॅमेरा सुरू करायला सांगितलं. तो माणूस जगला, पण पुढे त्याला धड चालता आलं नाही. “शॉट चांगला आला,” ते म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “हे मात्र ठेव.” मजकूर टाइप होऊन घरात फिरला तेव्हा घरच्यांपैकी कुणीतरी त्या वाक्यात पेन्सिलीने ‘दुर्दैवाने’ घातलं. यांनी ते खोडून समासात लिहिलं: ‘माझ्या घाईने’.

दुसऱ्याला उघडं पाडणारं झाकलं आणि स्वतःला उघडं पाडणारं ठेवलं, या निवडीला मी सचोटी म्हणते. अनेक आत्मचरित्रांत नेमकं उलट घडतं. आयुष्यात आलेल्या-गेलेल्या बायकांची नावं छापून लेखक धीट ठरतो आणि पगार कुणाचा बुडवला ते सांगायचं राहून जातं. मला धीटपणाची ही मोजपट्टी मान्य नाही.

तरी स्वतःकडे परक्यासारखं बघणं माणसाला कितपत जमेल, याची मला शंकाच आहे. याच किहीमला १९३० साली सलीम अली राहिले. जर्मनीहून शिकून आले, पण नोकरी नव्हती. घराजवळच्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीसमोर ते दिवसच्या दिवस बसले. विणतो तो नर, घरटं अर्धं झालं की मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर ताबा घेते, आणि मग तो पठ्ठ्या पुढचं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे त्यांनी न लाजता, न दोष देता टिपलं. पाखरांच्या संसाराकडे इतकं स्थिरपणे बघणाऱ्या या माणसाचं आत्मचरित्र १९८५ साली आलं. त्यातही पक्षी आणि प्रवास पानोपानी भेटतात, त्या मानाने स्वतः सलीम अली बेताचेच. दिग्दर्शकाने तेवढं केलं तरी पुष्कळ. सई परांजप्यांनी ‘सय’च्या नावाखाली ‘माझा कलाप्रवास’ असं लिहून पुस्तकाची हद्द दारातच सांगून टाकली. ‘स्पर्श’, ‘चश्मेबद्दूर’, ‘कथा’ कसे घडले ते ऐकायला आलेल्या वाचकाची त्यात फसवणूक होत नाही.

फसवणूक कधी होते? कापलेल्या जागेवर खोटं चित्र चिकटवलं की. आणि ते पकडायला दुसरा आवाज लागतो. ‘राजकमल’च्याच ‘लोकशाहीर रामजोशी’त झळकलेल्या हंसा वाडकरांनी अरुण साधूंना आपली कहाणी सांगितली. ‘सांगत्ये ऐका’ १९७० साली पुस्तकरूपाने आलं आणि मराठी सिनेमाच्या त्या सोनेरी काळाला एकदम घामाचा, दारूचा, उपासमारीचा वास आला. श्याम बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ केला. मला वाटतं, त्या एका पुस्तकानंतर आपल्याकडच्या कुठल्याही दिग्दर्शकाला बेफिकीर होऊन आठवणी लिहिण्याची मुभा उरली नाही. ही फार मोठी गोष्ट झाली.

किहीमच्या हस्तलिखितात पत्नीविषयी दीड पान होतं. मी त्यांना वाढवायला सांगितलं. ते म्हणाले, “मी कितीही लिहिलं तरी ते माझंच होणार.” बाई वाल सोलत होत्या, काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी ते झोपलेले असताना त्यांनी मला मागच्या पडवीत बोलावलं आणि त्या लाईटमनची गोष्ट पुढे सांगितली. वर्षभर त्याच्या घरी रोज डबा जात होता, तो त्या पाठवत होत्या. पोरांच्या फीचे पैसे घरखर्चातून काढत होत्या. “हे पुस्तकात घालू का?” मी विचारलं.

“त्यांच्या पुस्तकात कशाला? त्यांना कुठे ठाऊक आहे.”

त्यांचं पुस्तक दीड पानासकट तसंच छापायला गेलं. बाईंचं सांगणं मी आता वेगळ्या वहीत उतरवून घेते आहे. त्यात चित्रपटांची नावं क्वचितच येतात. युनिटमधली माणसं येतात, त्यांचे पगार येतात, कुणाच्या घरी कधी काय कमी होतं ते येतं, आणि तारखा सगळ्या बरोबर आहेत.