पर्वती, जरा घाईने

पुण्यात पर्वतीवर जाणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. एक देवदेवेश्वरासाठी जाणाऱ्यांचा आणि दुसरा पायऱ्यांसाठी जाणाऱ्यांचा. दुसऱ्या वर्गातली मंडळी वर पोचली की देवाला लांबूनच हात जोडतात, मनगटावरच्या घड्याळाकडे मात्र निरखून बघतात. पन्नाशी उलटल्यावर मी या वर्गात नाव घातलं.

तोवर मी चालत होतेच. तळजाईवर पाऊण तास, मैत्रिणींबरोबर, कुणाच्या सुनेपासून सोन्याच्या भावापर्यंत सगळे विषय घेत. त्यात खंड नव्हता. तरी बँकेतली लिफ्ट बंद असली की तिसऱ्या मजल्यावर पोचून पहिल्या ग्राहकाशी बोलण्याआधी मला दम खावा लागे. वार्षिक तपासणीच्या वेळी हे सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, "मॅडम, गप्पा मारत चालता येतं याचा अर्थ हृदयाला फारसं काम पडत नाही. चालणं सोडू नका, पण आठवड्यातून दोनदा दम लागेल असं काहीतरी करा. त्याआधी स्ट्रेस टेस्ट मात्र करून घ्यायची."

ती टेस्ट म्हणजे छातीला वायरी चिकटवून सरकत्या पट्ट्यावर चालणं. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेगही वाढतो आणि चढही. तिसऱ्या टप्प्यात माझ्या तोंडून "हो" आणि "नाही" एवढंच निघत होतं. रिपोर्ट ठीक आला आणि मी पर्वती धरली.

पायथ्यापासून पायऱ्या एकशे तीन. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं हे देवस्थान. पायऱ्या रुंद, उंचीला बेताच्या. त्यामुळे सुरुवातीला त्या अगदी गरीब वाटतात. भरभर चढायला लागलं की निम्म्या वाटेत मांड्या पेटतात, शेवटच्या टप्प्यात कानात ठोके ऐकू येतात आणि शेजारून सावकाश चढणाऱ्या आजी "अगं, देव कुठे पळून जात नाही" असं ऐकवतात. उत्तर द्यायला श्वास शिल्लक नसतो, आणि तेच अपेक्षित असतं. मग कडेकडेने, गुडघे सांभाळत, अगदी रमतगमत खाली यायचं. श्वास जागेवर आला की पुन्हा वर. सुरुवातीला दोन फेऱ्या पुरे होत्या. पुढे त्या चार झाल्या.

यामागचं गणित मला नंतर वाचून कळलं. जवळजवळ पूर्ण जोर लावून माणूस सलग फार वेळ टिकत नाही. पण मध्ये विसावा घेत तेच तुकड्या-तुकड्यांनी केलं, तर हृदय त्या वरच्या पट्टीत एकूण बराच जास्त वेळ काम करतं. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांची ठरलेली पद्धत आहे: चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश, असं चार वेळा. म्हणजे सोळा मिनिटं जोराची. हे सरावाचं झालं की हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं आणि स्नायूंच्या पेशींची प्राणवायू वापरण्याची ताकद वाढते. माझी पर्वती काही चार मिनिटं पुरत नाही, तेव्हा नॉर्वेचं घड्याळ इथे जसंच्या तसं लागू पडत नाही. पण कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने 2017 साली, व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांना फक्त जिना जोरात चढायला लावून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. वीस-वीस सेकंदांच्या तीन चढाया, आगेमागे हलकी हालचाल, सगळं मिळून दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. सहा आठवड्यांत त्यांचा दमसास वाढल्याचं मोजमापात दिसलं. आपल्याला जिना आणि टेकडी दोन्ही फुकट आहेत.

हल्ली जिममध्ये कुठल्याही धावपळीच्या तासाला 'ताबाता' म्हणतात. जपानच्या इझुमी ताबाता यांचा 1996 सालचा मूळ प्रयोग मात्र तरुण, खेळाडू मुलांवर होता: सायकलवर वीस सेकंद जीव तोडून, दहा सेकंद थांबून, सात-आठ वेळा, अगदी पाय चालेनासे होईपर्यंत. ते चार मिनिटांत उरकतं हे खरं, पण पन्नाशीच्या बाईने पहिल्याच आठवड्यात त्याच्या वाटेला जाऊ नये.

माझ्यात काय बदललं? वजन जवळपास तेवढंच आहे. वजनकाट्याने मला काडीचंही श्रेय दिलेलं नाही. लिफ्ट बंद असली तरी आता तिसऱ्या मजल्यावर गेल्या गेल्या बोलता येतं. सर्वात मोठा फरक दिसतो तो थांबल्यानंतरच्या एका मिनिटात. आधी वर पोचल्यावर ठोके बराच वेळ चढलेलेच राहत. आता मिनिटभरात पंचवीस-तीसने उतरतात. हा आकडा नुसत्या हौसेचा नाही. क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी 1999 साली दाखवलं होतं, की व्यायाम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके बारा किंवा त्याहून कमीच उतरले, त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं.

म्हणून पर्वती चढल्याने आयुष्य वाढतं, असं मी कुणाला सांगत नाही. ट्रॉन्डहाइममध्येच सत्तरी ओलांडलेल्या दीड हजारांहून अधिक लोकांना पाच वर्षं वेगवेगळे व्यायाम देऊन पाहिले. 2020 साली निकाल आला: देखरेखीखाली व्यायाम केलेले आणि सरकारी सल्ल्याप्रमाणे आपले आपण हिंडते-फिरते राहिलेले, यांच्यात मृत्यूच्या प्रमाणात ठळक फरक नव्हता. माझ्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की रोजच्या चालण्याला कमी लेखायचं कारण नाही. तळजाई मी सोडलेली नाही. पर्वती मंगळवारी आणि शुक्रवारी.

ऑफिसातले लोक विचारतात, "दहा मिनिटांत फिट होता येतं म्हणे?" वेळ वाचतो, कष्ट वाचत नाहीत, असं मी सांगते. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना माझा सल्ला साधा आहे. छातीत दुखत असेल, रक्तदाब असेल किंवा घरात हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टर गाठा. पहिला महिना वेगाच्या नादी लागू नका. शेजारच्याशी बरोबरी करू नका. तो कदाचित विशीतला असतो. आणि किती मिनिटांत चढलात हे मोजण्यापेक्षा, थांबल्यावर किती लवकर सरळ वाक्य बोलता येतं ते बघा. आपल्या वयाला तोच आकडा जास्त कामाचा आहे.