कितवा आला ते नंतर

पुण्यात जुलैच्या सुमारास रेसचा मोसम सुरू होतो. एम्प्रेस गार्डनला खेटून असलेल्या त्या मैदानावर मी जातो तो मुख्यतः घोडे बघायला. माझे मामा आयुष्यभर पागेत मोतद्दार होते. घोडा वाचायला मी त्यांच्याकडूनच शिकलो.

रेसबुकात प्रत्येक घोड्याच्या नावाजवळ मागच्या शर्यतींतले क्रमांक छापलेले असतात. नवखा माणूस तेवढेच बघतो. मामा म्हणायचे, "अरे, कितवा आला ते नंतर. पाठीवर काय घेऊन पळाला ते आधी बघ." हँडिकॅप शर्यतीत रेटिंग जितकं वरचं, तितकं वजन जास्त. जिंकला की रेटिंग चढतं, हरत राहिला की उतरतं. म्हणून ६० किलो घेऊन चौथा आलेला घोडा त्याच शर्यतीत ५२ किलोंवर दुसरा आलेल्यापेक्षा सरस असू शकतो.

मागच्या पावसाळ्यातली एक कुमेत घोडी आठवते. हिवाळ्यात महालक्ष्मीला ती प्रत्येक वेळी मागेच राहिली होती. तिचे आकडे बघून कुणी तिच्याकडे फिरकत नव्हतं. मी जरा जुनी पानं चाळली. त्या सगळ्या शर्यती १६०० मीटर किंवा त्याहून लांबच्या, आणि कोरड्या, टणक ट्रॅकवरच्या. प्रत्येकीत ती शेवटच्या वळणापर्यंत पुढच्या घोळक्यात होती, मग दम सुटत गेला. तिचे विजय मात्र आदल्या पावसाळ्यात, पुण्यातच, ओल्या हिरवळीवर, १२०० मीटरचे. आता पुन्हा १२०० मीटर होते, हरून हरून वजन उतरलेलं होतं, आणि रात्रभर पाऊस कोसळला होता. जमिनीत दांडी किती रुतते त्यावरून ट्रॅकचा मऊपणा मोजतात. त्या दिवशीचा आकडा चांगलाच वर गेला होता.

तरीही कागदावर माझा निम्माच विश्वास. महिन्यापूर्वीचा घोडा आज तसाच असेल असं नाही. पॅडॉकमध्ये मोतद्दार तिला फिरवत होता. अंगावर तेल लावल्यासारखी चकाकी. पुठ्ठ्यावर स्नायूंची रेघ स्पष्ट. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्याही पुढे पडत होता, म्हणजे पाठ आणि सांधे मोकळे. कान पुढे, चाल संथ. तिच्यामागून येणारा फेवरिट मात्र शेपूट आपटत होता. त्याच्या मांड्यांमध्ये घामाचा फेस साचला होता. शर्यतीआधीच त्याची ताकद खर्ची पडत होती.

घोडी मानेच्या अंतराने दुसरी आली. वळणावर ती आतल्या कठड्याशी कोंडली गेली, वाट मिळाली ती शेवटच्या २०० मीटरला, आणि तिथून तिने चार घोडे मागे टाकले. फेवरिट पहिल्या पाचांतही नव्हता. रेसबुकात तिच्या नावाजवळ पुढे फक्त '२' छापलं गेलं. कोंडी, मोकळी वाट आणि शेवटची झेप यातलं काहीच त्या आकड्यात येत नाही, म्हणून शर्यत डोळ्यांनी बघणाऱ्याला तोड नाही.

पुण्याला रेस बघायला गेलात तर तिकिटाच्या खिडकीकडे वळण्याआधी पॅडॉकच्या कठड्याशी थोडा वेळ उभे राहा, आणि घोड्याचे मागचे पाय नीट बघा.